बारा घरांतलं एक वाक्य

एकोणीसशे पंच्याण्णवच्या एप्रिलमध्ये नंदिता तंजावुरात उतरली तेव्हा तिच्या पिशवीत चित्रांची सोळा कार्डं होती, कॅमेरा होता आणि अर्धा किलो चिंचोके होते. मद्रासची एक वित्त कंपनी मुलांच्या नावानं ठेव योजना काढणार होती. योजनेचा अर्ज, पुस्तिका, जाहिरात हे सगळं बंगळूरच्या ज्या डिझाइन कचेरीकडे आलं होतं, तिथं नंदिता नोकरीला होती. जाहिरात काढण्याआधी लोकांचं मन बघायचं, अशी त्या कचेरीची पद्धत. तंजावूर, पापनाशम आणि ओरत्तनाडु मिळून बारा घरं ठरली होती. प्रत्येक घरी दोन तास बसायचं. नवराबायकोपुढे कार्डं मांडायची: शाळा, सोनं, लग्न, सायकल, कॉम्प्युटरचा क्लास. हातात वीस चिंचोके द्यायचे आणि म्हणायचं, मुलांसाठी वाटा. रुपये म्हटलं की माणसं सावध होतात. चिंचोके वाटताना होत नाहीत.

निघताना तिचे साहेब सांबशिव म्हणाले होते, "तुझं मूळ तिथलं, म्हणून तुला पाठवतोय. पण ओळख काढत बसू नकोस. ओळख निघाली की लोक उत्तरं देत नाहीत, जेवायला घालतात."

सातवं घर हरिप्रसादचं. तो सरकारी कचेरीत कारकून, बायको गायत्री घरी ब्लाउज शिवायची. मुलं दोन: अकरा वर्षांची अंबा आणि सात वर्षांचा प्रवीणकुमार. दारातच गायत्रीनं तमिळमध्ये गाव विचारलं, "मॅडम, तुमचं ऊर कुठलं?"

"बंगळूर," नंदितानं तमिळमध्येच सांगितलं.

तेव्हाच आतून हरिप्रसादची हाक आली, "गायत्री, ती चटई कुठं ठेवलीस?" हाक मराठीत होती. नंदिताच्या आजीच्या, गंगाबाईच्या जुन्या तंजावुरी मराठीत. मीसुद्धा तुमच्यातलीच, हे सांगायला एका श्वासाचा वेळ पुरला असता. नंदिता चटईवर बसली आणि तिनं कार्डं मांडली.

अंबाला दूध आणायला पाठवलं होतं, धाकटा शेजारी खेळत होता. हरिप्रसादनं दोन्ही मुलांच्या शाळेच्या कार्डांवर पाच-पाच चिंचोके ठेवले. गायत्री त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग मराठीत म्हणाली, "सारखं कशाला ठेवत्यांत? पोर पास होत्ती. आपणच तिला फेल म्हणून सांगितलं."

"हळू बोल."

"हिला काय कळतंय? ही बंगळूरची."

"एकाचीच फी जमत होत्ती. पोरग्याची भरली. त्यांत काय चुकलं?"

"मी चुकलं म्हटलं काय? तिनं एक शब्द विचारलं नाही, म्हणून म्हणत्यें. पेपर दाखवा म्हणाली असती तर काय दाखवणार होत्तों?"

हरिप्रसाद नंदिताकडे वळून हसला. "आमच्यात मुलगा-मुलगी भेद नाही, मॅडम," तो तमिळमध्ये म्हणाला. "दोघांना सारखंच."

नंदितानं मान डोलावली. गायत्रीचा हात चिंचोक्यांवर होता, त्याचा तिनं परवानगी घेऊन फोटो काढला. शिवणयंत्राची सुई कधीतरी आरपार गेल्यानं तर्जनीचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. मग तिनं वहीत ते संभाषण शब्दन् शब्द इंग्रजीत उतरवलं. लिहिताना तिला वाईट वाटत नव्हतं. असं वाक्य बारा घरांत एकदाच हाती लागतं आणि ते लागलं, याचा तिला आनंद झाला होता. पुढे ती स्वतःपासून लपवायची ते हेच.

अंबा दूध घेऊन आली. ठरलेल्या यादीतला प्रश्न होता, म्हणून नंदितानं विचारला, "तू कोणत्या शाळेत जाणार जूनपासून?"

"त्याच जुन्या," अंबा म्हणाली. "इंग्लिश स्कूलच्या परीक्षेत मी फेल झाले."

नंदितानं तेही लिहून घेतलं. मग गायत्रीनं केलेली कॉफी, तिथल्या बोलीत कापी, ती पिऊन गेली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात छापखान्यातून पत्रक आलं. पानभर फोटो: चिंचोक्यांवर बाईचा हात. खाली मोठ्या तमिळ अक्षरांत तिच्या वहीतलं वाक्य: 'आमची मुलगी पास झाली होती. एकाचीच फी जमत होती, म्हणून आम्ही तिला नापास झालीस असं सांगितलं.' त्याखाली योजनेचं नाव, व्याजाचा दर.

नंदिता पत्रक घेऊन सांबशिवच्या टेबलाशी गेली. "सर, हे वाटायचं नाही."

"नाव आहे का त्यात?"

"नाही."

"पत्ता?"

"नाही. नख आहे."

सांबशिवनी चष्मा वर करून फोटो पाहिला. "तंजावुरात कोण बसलंय नखं बघत?"

"तिची मुलगी."

त्यांनी पत्रक तिला परत दिलं. मग म्हणाले, "पत्रकं गेली आहेत. शुक्रवारी पेपरातून घरोघरी पडतील."

"तुम्हीच म्हणाला होतात, ओळख काढू नकोस."

"ओळख काढू नकोस म्हटलं होतं. भाषा येत नाही असं दाखव, हे मी नव्हतं म्हटलं. ते तू केलंस." त्यांचा आवाज चढलासुद्धा नाही.

गुरुवारी दुपारी साडेतीनला ती हरिप्रसादच्या दारात उभी होती. गायत्री एकटीच यंत्रावर बसली होती. "या, या मॅडम!" ती तमिळमध्ये म्हणाली. "परत चिंचोके आणलेत?"

नंदिता उंबऱ्याबाहेरच थांबली. "अक्का, मला मराठी येतं," ती मराठीत म्हणाली.

यंत्राचं चाक अर्ध्या फेऱ्यात थांबलं. "केव्हापासून?"

"जन्मापासून. माझी आजी इथलीच. गंगाबाई."

"कुठली गंगाबाई?" गायत्रीनं सवयीनं विचारलं, आणि मग तिचा चेहरा बदलला. एप्रिलमधली ती दुपार तिच्या डोळ्यांपुढून जाताना दिसली. "ऊर विचारलं तर बंगळूर म्हणालीस तूं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यातून मॅडम गेलं होतं, तुम्ही गेलं होतं.

नंदितानं पत्रक दिलं. गायत्रीनं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि फोटोतलं नख दिसताच डावा हात पदराखाली घेतला. घरात बघायला दुसरं कोणी नव्हतं.

"आम्ही तमिळमध्ये खोटं बोललों," ती म्हणाली, "ते तुझ्या कागदासाठी होत्तं. ते घेऊन जायचं होत्तंस. मराठींत बोललों ते घरचं होत्तं. माझ्या चटईवर बसून, माझी कापी पिऊन हे घेऊन गेलीस?"

"चुकलं माझं. मी पेपरवाल्यांकडे जाते, पत्रकं काढून घ्यायला सांगते…"

"अस्क्या ऊरचे, सगळ्या गावचे पेपर लपवणार तूं? तिच्या शाळेंत येतो पेपर. शेजारी येतो." गायत्री पत्रकाची घडी घालू लागली, बारीक, आणखी बारीक, घडी पडेनाशी होईपर्यंत. "तिला सांगूं काय म्हणून तिच्या बापाला विचारलं तर नक्को म्हणेल. आणि उद्या सकाळीं ती हें वाचेल."

चारला अंबा आली. दोन वेण्या, निळ्या रिबिनी. नंदिताला बघून तिला हसू आलं. "चिंचोकेवाल्या अक्का!"

नंदिता जायला वळली.

"बस," गायत्री म्हणाली. "तेव्हां ऐकलंस की. आतां पण ऐक."

नंदिता आत येऊन चटईच्या कडेला बसली. गायत्रीनं घडी उलगडून पत्रक लेकीच्या हातात दिलं आणि उभ्या उभ्या मराठीत सांगितलं. तिनं सबबी दिल्या नाहीत, ती रडली नाही. परीक्षा झाली, तूं पास झालीस, एकाचीच फी होत्ती, आम्ही खोटं सांगितलं. फी जमली नाही हे सांगायला लाज वाटली, म्हणून.

अंबानं फोटोतलं नख पाहिलं आणि मग आईचं. तिला मराठी समजायचं, बोलायची मात्र ती तमिळ. "किती मार्क होते?"

"एक्याऐंशी."

"प्रवीणला?"

"चौपन्न."

गणित पडताळून पाहावं तशी तिनं मान हलवली. मग ती नंदिताकडे वळली. "मी दूध आणायला गेले होते, तेव्हा तुम्हाला कळलं?"

"हो."

"मग परत आल्यावर मला शाळेचं कशाला विचारलंत?"

प्रश्न यादीत होता. हे उत्तर खरं होतं, आणि नंदिताला ते तोंडातून काढता येईना.

"मी सांगितलं तेव्हा तुम्ही वहीत काहीतरी लिहिलंत," अंबा म्हणाली. "काय लिहिलंत?"

"नापास."

"कुठं आहे ती वही?"

"बंगळूरला. कचेरीच्या कपाटात."

"मग जाऊन खोडा," अंबा म्हणाली, आणि दप्तर खुंटीला अडकवून पाय धुवायला मागच्या दारी गेली.

पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, दोन पायांना लागतो त्यापेक्षा बराच जास्त. गायत्री तिकडे जायला निघाली, दाराशी थांबली, परत फिरली आणि यंत्रावर बसली. नंदिता उठून चपला घालू लागली. त्या घरातून कापी न घेता कोणी उठलेलं नव्हतं. आज तिला कोणी विचारलं नाही.