वही बरोबर आहे

शूटिंग क्लबात त्यांना सगळे वहीमास्तर म्हणत. खरं नाव होतं, पण ते टपालवाल्याखेरीज कुणाला ठाऊक नसावं. बावीस वर्षं हा माणूस रेंजच्या दाराशी, जाळीच्या खिडकीमागे बसला होता आणि त्याच्यासमोर ती वही. तारीख, लेन, आत आल्याची वेळ, रायफलचा नंबर, दिलेली काडतुसं, झाडलेली काडतुसं, परत आलेल्या रिकाम्या पुंगळ्या, नेमबाजाची सही. एक रकाना रिकामा राहिला तर मास्तरांना घास गिळवत नसे. एक पुंगळी कमी भरली तर भल्याभल्यांना गुडघ्यांवर बसून जमीन चाचपायला लावत.

"मास्तर, मरायचं झालं तरी आधी तुमच्या वहीत सही करून मरेन बघा," एक म्हातारे सभासद म्हणायचे.

"वेळ घालायला विसरू नका म्हणजे झालं," मास्तर मान वर न करता म्हणायचे.

त्या वहीचा एक नियम त्यांना देवासारखा होता. चूक झाली तर खाडाखोड नाही, गिरवणं नाही, पान फाडणं तर नाहीच नाही. चुकलेल्या शब्दावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. लेक बबी शाळेतून येऊन त्या टेबलाशी अभ्यास करायची तेव्हा तिच्या गणिताच्या वहीतही त्यांनी तेच चालू केलं. "लपवायचं कशाला? चुकलं ते दिसू दे," असं ते तिला सांगत. आता हे आठवलं की हसावं की रडावं कळत नाही. असो.

बबी पुढं स्वतःच रायफल धरायला लागली. आणि पोरीचा हात असा बसला, की पन्नास मीटरवरच्या तिच्या पाच गोळ्या कोटाच्या एका बटणाखाली झाकल्या जात. मास्तर कौतुक तोंडानं करत नसत, पण तिची टार्गेटं घरी नेऊन गादीखाली सपाट करून ठेवत. आता ती वीस वर्षांची होती. ज्युनिअर निवड चाचणी एकविसाच्या आतल्यांचीच. म्हणजे हे शेवटचं वर्ष. यंदा हुकलं की ज्युनिअरचं दार कायमचं बंद, आणि मोठ्यांच्या रांगेत उभं राहायचं तर स्वतःची रायफल हवी. ती यांच्या सात पिढ्यांत कुणाला जमली नव्हती.

अडचण काडतुसांची होती. ज्युनिअर सभासदाला महिन्याला पन्नास. पन्नास काडतुसं म्हणजे बबीचा एका सकाळचा नाश्ता. उरलेला महिना काय, बोटानं ठो ठो करायचं?

इथं सेक्रेटरीसाहेब आले. त्यांचा एक भाचा होता, बबीच्याच वयाचा. क्लबात सगळे त्याला भाचेबुवा म्हणत, अर्थात पाठीमागे. भाचेबुवांना परदेशी रायफलचा परवाना हवा होता, त्याला नियमित सरावाची नोंद लागते, आणि भाचेबुवांची सकाळ अकराला उजाडायची. त्यांच्या नावावर महिन्याला सहाशे काडतुसं मंजूर होती आणि ती कपाटात पडून होती.

"मास्तर, कुणीतरी ती झाडायला हवीत ना," सेक्रेटरीसाहेब खुर्ची ओढून बसत म्हणाले. "पुंगळ्या जमायला हव्यात. तुमची बबी सराव करील, पोरट्याची हजेरी लागेल. कुणाचं काही जातंय का?"

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! मास्तरांनी दोन दिवस आढेवेढे घेतले, तेही स्वतःशीच. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला बबी चार नंबरच्या लेनवर पोटावर आडवी पडून गोळ्या झाडत होती आणि खिडकीमागे मास्तर वही लिहीत होते. तारीख खरी, वेळ खरी, लेन खरी. चाळीस दिली, चाळीस झाडली, चाळीस पुंगळ्या परत. त्या ओळीतलं सगळं खरं होतं, नाव तेवढं भाचेबुवांचं. महिनाअखेरीला भाचेबुवा यायचे, दुचाकीची किल्ली बोटावर फिरवत सगळ्या सह्या एका बैठकीत ठोकायचे. शाई एकसारखी दिसू नये म्हणून मास्तर त्यांच्यापुढं तीन वेगवेगळी पेनं ठेवत. एवढी अक्कल होती, बघा!

बबीनं सुरुवातीला विचारलं होतं, "बाबा, माझी सही?"

"क्लबाची सरावाची काडतुसं आहेत ती. तुझं मी बघतो. तू समोर बघ."

आणि ती समोर बघत राहिली. बापाच्या वहीत डोकावून बघावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. सगळा क्लब ज्या वहीची शपथ घ्यायचा, ती तिच्या घरातली होती.

नियमावलीत चौदावं कलम होतं. निवड चाचणीला जाणाऱ्या ज्युनिअरच्या नावे मागच्या बारा महिन्यांत किमान चोवीस सरावांची नोंद हवी. मास्तरांना ते पाठ होतं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असतं तर त्यांनी त्यावर बोट ठेवून दहादा वाचून दाखवलं असतं. पण बावीस वर्षांत ते कलम कुणी विचारलं नव्हतं. क्लबानं नाव पाठवायचं, तिकडे पोरांनी गोळ्या झाडायच्या, एवढंच चालायचं. न विचारलेल्या नियमाला कोण भितो? नियमाला काटेकोर धरून चालणारा माणूस, पण स्वतःच्या लेकीपाशी आला आणि डोळ्यावर कातडं ओढून बसला.

यंदा परवाना कार्यालयाच्या तपासनीस बाई आल्या त्या चौदावं कलम हातात घेऊनच. बाई बारीक, केस करकचून बांधलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी काडतुसांचं कपाट उघडायला लावलं, पेट्या मोजल्या, पुंगळ्यांची पोती वजनकाट्यावर चढवली. सगळं जुळलं. मग वही घेतली. एकेक पान बोटानं खाली सरकत वाचलं. सेक्रेटरीसाहेब मास्तरांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

"अशी वही मी कुठंच पाहिली नाही," बाई म्हणाल्या. "इतर क्लबांना नेऊन दाखवावी अशी."

मास्तरांच्या जिवात जीव आला. तो दोन मिनिटं टिकला.

"आता ज्युनिअर. यंदापासून चोवीस नोंदी असल्याशिवाय नाव पुढं जाणार नाही." बाईंनी कागद काढला. "तुमच्याकडे दोनच आहेत. या मुलाच्या एकशे बासष्ट. छान. आणि ही मुलगी... दहा."

बबी तेव्हा रेंजवरून रायफल जमा करायलाच आली होती. अंगात क्लबाचं जाड कॅनव्हासचं जॅकेट, गालावर दस्त्याचा वळ. ती हसली.

"दहा नाही हो बाई. मी आठवड्याला तीन-चार दिवस असते. सकाळी सहाला. चार नंबर."

बाईंनी पानं उलटली. "सकाळी सहा, चार नंबर लेनवर हा मुलगा आहे. दर वेळी."

"कोण?" बबीनं विचारलं. तिनं खिडकीतून मान आत घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती वही नीट वाचली. तिची बोटं एका ओळीवर थांबली. त्या दिवशी तिला ताप होता, तरी आली होती. चाळीस दिली, चाळीस झाडली. पुढं भाचेबुवांची सही, हिरव्या शाईत.

बाईंनी चष्मा काढला आणि मास्तरांकडे पाहिलं.

"मास्तर, सरळ सांगा. मुलगी खोटं बोलतेय की तुमची वही?"

खुर्चीच्या पाठीवरचा हात मास्तरांच्या खांद्यावर आला. हलकाच, पण आला. हत्यारांच्या नोंदीत खोटं नाव म्हणजे तुरुंग, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते छापील वाक्य त्यांनीच भिंतीवर चिकटवलं होतं. त्यांना बायको दिसली, राहतं घर दिसलं, बावीस वर्षं दिसली. समोर उभी असलेली पोर तेवढी त्यांनी पाहिली नाही.

"वही बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

बबी त्यांच्याकडे बघत राहिली. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. एक शब्द जास्त बोलली असती तर बाप आत गेला असता, हे तिलाही कळलं होतं. चुणचुणीत पोर, त्यांनीच वाढवलेली.

"माझा मोजण्यात घोळ झाला असेल बाई," ती म्हणाली आणि रायफल खिडकीत जमा करून निघून गेली.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि ताट पुढ्यात आदळलं. "अहो, लाज नाही वाटली? चोर तो मामा, चोर तो भाचा, आणि खोटी ठरली कोण, तर माझी पोर! जेवा आता. वही वाचवलीत ना? जेवा."

मास्तर जेवले नाहीत. बबीच्या खोलीशी दोनदा जाऊन उभे राहिले. "बबे," त्यांनी हाक मारली. आतून पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला, एवढंच.

चाचणीसाठी क्लबातून एकट्या भाचेबुवांचं नाव पुढं गेलं. चाचणीच्या दिवशी भाचेबुवा मित्रांबरोबर समुद्रावर गेले होते. परवाना हातात पडला होता, मग उन्हात पोटावर कोण पडतो? क्लबाची जागा रिकामी राहिली. सेक्रेटरीसाहेब कळवून मोकळे झाले की मुलाच्या खांद्याला दुखापत झाली. खरंच आहे म्हणा. खांदा दुसरीचाच वापरला होता, दुखायचा तो तिचाच दुखणार.

महिन्याभरानं दुपारी बबी क्लबात आली. मास्तरांना जाळीतून ती फाटकाशी दिसली तसे ते धडपडत उभे राहिले. तिच्या हातात कॅनव्हासचं जॅकेट होतं, धुऊन घडी केलेलं.

"ये, ये गं. आत ये."

"सभासदत्व सोडलंय मी," ती म्हणाली. "बाहेरच्यांची वही कुठाय?"

"तुला कशाला वही? चल, वेडी कुठली."

ती जागची हलली नाही. शेवटी त्यांनी पाहुण्यांची वही पुढं सरकवली. नाव, वेळ, कुणाकडे, नातं किंवा ओळख, कारण. बबीनं नाव लिहिलं. घड्याळ बघून वेळ लिहिली. कुणाकडे, तर कार्यालय. कारणात लिहिलं, जॅकेट परत. नात्याचा रकाना तिनं तसाच सोडला आणि पेन खाली ठेवलं.

रिकामा रकाना. मास्तरांच्यानं राहवलं नाही. त्यांनी पेन उचललं आणि त्यात लिहिलं, मुलगी.

बबीनं वही आपल्याकडे वळवून घेतली. टेबलावरची पट्टी घेतली. त्या शब्दावर एकच सरळ रेघ मारली आणि बाजूला सही केली.

मग जॅकेट टेबलावर ठेवून ती फाटकाबाहेर गेली. मास्तर किती तरी वेळ ती ओळ बघत होते. नियमानं होतं सगळं. खालचं अक्षर स्वच्छ वाचता येत होतं.