शेवटच्या खुंटीवरचा कप

"बंद पडलं का यंत्र?" रेयोने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"नाही. आम्ही बोलतोय," हिल्का म्हणाली.

रेयोने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावरची मुलगी मान खाली घालून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होती आणि त्याची बायको त्या मुलीकडे. गेली चार मिनिटं हे असंच चाललं होतं. यातलं आपल्याला काही कळत नाही, हे मनोमन कबूल करून तो फाटकं जाळं दुरुस्त करायला पुन्हा आत जाऊन बसला.

हिल्का अडतीस वर्षं नर्स होती. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली आणि दोघं उत्तरेकडचं घर विकून तीनशे किलोमीटर खाली, तळ्याकाठी राहायला आली. रेयोला मासे मिळाले. हिल्काला काहीच मिळालं नाही. मग तिने नव्याने नोकरीला लागलेल्या नर्सना इंटरनेटवरून मार्गदर्शन करायच्या उपक्रमात नाव नोंदवलं. आठवड्यातून एकदा, पाऊण तास, असे बारा आठवडे. मुलींना मोकळेपणाने बोलता यावं म्हणून इस्पितळाचं नाव घ्यायचं नाही, सहकाऱ्यांची नावं घ्यायची नाहीत, असा नियम होता. जोड्या कॉम्प्युटर लावायचा, तोही दोघींच्या राहत्या पत्त्यांत भरपूर अंतर ठेवून. हिल्काच्या वाट्याला तैमी आली. वय चोवीस, शस्त्रक्रियेच्या वॉर्डात नवीन.

पहिल्या दिवशी तैमीने "अहो हिल्का" म्हणून सुरुवात केली होती.

"अहो म्हणालीस तर मी बंद करेन," हिल्का म्हणाली होती. "माझं वय मला माहीत आहे." तिच्या मार्गदर्शनाचं ते पहिलं वाक्य.

बाकी सगळं ठीक होतं, पण प्रत्येक वेळी शेवटी एक फॉर्म भरावा लागे. त्यात एक चौकट होती : 'आज केलेलं कौतुक, किमान तीन मुद्दे.' आता कौतुक ही हिल्काच्या मुलखात जपून वापरायची गोष्ट. तिच्या आईने आयुष्यात एकदाच तिच्या स्वयंपाकाला 'वाईट नाही' म्हटलं होतं आणि ते हिल्काने अजून मनात जपलं होतं. तिने पहिल्या आठवड्यात लिहिलं : 'एक, वेळेवर आली. दोन, वेळेवर गेली. तीन, मधल्या वेळात त्रास दिला नाही.' पुढच्या चार आठवड्यांत तिने तेच उतरवून काढलं. मग कार्यालयातून नम्र पत्र आलं की कौतुक थोडं वैयक्तिक असावं. हिल्काने चौथा मुद्दा वाढवला : 'केस नीट बांधते.'

आज सहावा आठवडा होता. पाचव्या मिनिटाला तैमीने मान वर केली.

"मी शुक्रवारी राजीनामा देतेय."

हिल्काने हातातलं पेन खाली ठेवलं. नर्स मिळत नाहीत म्हणून अर्धे वॉर्ड ओस पडले होते, हे एक झालंच. पण त्याहून मोठं म्हणजे ही मुलगी तिला मनापासून आवडायला लागली होती, आणि हे ती मेली तरी बोलणार नव्हती.

"का?"

"त्यांना मी नकोय. कुणी माझ्याशी बोलत नाही."

"अगं, आपल्याकडे कोण कुणाशी बोलतं?"

"तसं नाही गं. आधी नुसतं बोलत नव्हते. आता मुद्दाम बोलत नाहीत. फरक कळतो."

फरक कळतो, हे हिल्कालाही पटलं. तिने पेन उचललं. "कधीपासून?"

"नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यापासून. मंगळवार."

"सकाळी की दुपारी?"

"दुपारी. कॉफीच्या सुट्टीत. मी काहीसुद्धा केलं नाही. नुसती कॉफी प्यायले."

"कशातून?"

"कपातून!"

"ते कळलं. कुणाच्या?"

तैमी जरा अडखळली. "भिंतीवर खुंट्या आहेत. प्रत्येकीची खुंटी, प्रत्येकीचा कप. मला खुंटी नाही, मी माझा घरून नेते, तो त्या दिवशी विसरले होते. शेवटच्या खुंटीवरचा कप कुणीच घेत नव्हतं, म्हणून मग..."

"दुसऱ्याचा कप घेतलास?" हिल्काचा हात छातीवर गेला. अडतीस वर्षांत तिने काय काय पाहिलं होतं. रक्त बघून आडवा झालेला डॉक्टर पाहिला होता, नर्सच्या कपाटात लपलेला पेशंट पाहिला होता. पण दुसऱ्याच्या कपातून कॉफी पिणारी नर्स तिने पाहिली नव्हती, ऐकलीही नव्हती.

"अगं, कुणाचा नव्हताच तो! भंगार होता नुसता. कान तुटलेला, तो कुणीतरी हिरव्या डिंकाने चिकटवलेला. वर एक मासा, आणि खाली 'तिसरा क्रमांक'. तिसऱ्या क्रमांकाचा कप कोण जपून ठेवतं?"

स्वयंपाकघरातलं जाळ्याचं काम थांबलं. तो कप रेयोने मासेमारीच्या स्पर्धेत जिंकला होता, आणि हिरवा डिंक त्याच्या होडीचा होता.

वॉर्डात हिल्का वर्षानुवर्षं त्यातूनच कॉफी प्यायली होती. निवृत्तीच्या दिवशी वॉर्डात केक आणला होता. सगळ्या उभ्या राहिल्या, केक खाल्ला, ताटल्या धुतल्या. इनचार्ज मार्केटाने तिच्याबरोबर अठ्ठावीस वर्षं काढली होती. मार्केटा म्हणजे अशी बाई, की बँडेज वाया जाऊ नये म्हणून आधी जखम मोजायची आणि उरलेलं बोटभर कापून परत कपाटात ठेवायची. शब्दांचंही तिचं तसंच होतं. त्या दिवशी ती फक्त "बरं तर" म्हणाली. अडतीस वर्षांचा हिशोब दोन शब्दांत मिटला. हिल्काला ते फार लागलं होतं. तिने रागाने कप तिथेच सोडला. सोमवारी उचलून कचऱ्यात टाकतील, असं ती धरून चालली होती.

"त्या कपात धूळ होती?" तिने विचारलं.

"नाही. स्वच्छ होता. कुणीतरी रोज विसळत असणार. म्हणून तर घेतला ना मी."

"एक मिनिट हं. मासे करपतायत," असं म्हणून हिल्काने कॅमेरा बंद केला.

"मासे अजून तळ्यात आहेत," रेयो दारातून म्हणाला. मग त्याने बायकोचा चेहरा पाहिला आणि तिच्यासाठी कॉफी ठेवली. हिल्का पोटभर रडली. दोन वर्षं ती ज्यांच्यावर रुसून बसली होती, त्या बाया रोज तिचा कप विसळत होत्या.

कॅमेरा पुन्हा सुरू झाला तेव्हा तिचं नाक लाल होतं.

"माशांचा धूर," ती म्हणाली. "आता मला सांग, सहा नंबरची खोली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. रोज. सगळ्यात अवघड पेशंट तिथेच ठेवतात. सध्या एक आजोबा आहेत, सगळ्यांवर ताटल्या फेकतात. कप घेतल्याची शिक्षा असणार ती."

"तुझ्यावर किती फेकल्या?"

"माझ्यावर फक्त चमचा."

"येडे! शिक्षा कसली? मार्केटाने मला तिच्या हाताखालच्या अकराव्या वर्षी सहा नंबर दिला, अकराव्या! तोवर दारातसुद्धा उभं राहू देत नव्हती."

तैमीने चेहरा कॅमेऱ्याजवळ आणला.

"मी तुला मार्केटाचं नाव सांगितलं नव्हतं," तैमी हळूच म्हणाली.

हिल्काने नियमांचा कागद पालथा घातला.

"हिल्का, तो कप तुझा आहे?"

"होता. उद्या तो खुंटीवरून काढ आणि तुझा लाव. मार्केटाला सांग, हिल्काने सांगितलंय. आणि माझा दे टाकून."

"टाकायचा नाही!" आतून रेयो ओरडला. "माझा तिसरा नंबर आहे तो!"

तैमी हसली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. हिल्का पाणी प्यायली, तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि एका दमात म्हणाली, "तू चांगली नर्स आहेस. जाऊ नकोस." मग तिचे कान इतके तापले की तिने निरोप न घेताच कॉम्प्युटर मिटला.

पुढच्या आठवड्यात तैमी पडद्यावर आली ती इस्पितळाच्या कपड्यांत, दालचिनीचा पाव खात.

"राजीनामा?" हिल्काने विचारलं.

"कसला?"

"मार्केटा काय म्हणाली?"

"'बरं तर' म्हणाली. मग उठली, तुझा कप धुतला. स्वच्छ होता, तरी धुतला. पुसला आणि आपल्या खोलीत घेऊन गेली. परत आली ती माझ्या नावाची चिकटपट्टी घेऊन, आणि खुंटीवर लावली. मग एक बाई मला म्हणाली, बाहेर गारठा आहे. आणि दुसरी म्हणाली, हो, आहे खरा." तैमीचे डोळे चमकत होते. "माझ्याशी, हिल्का! दोघी!"

हिल्काने त्या दिवशी फॉर्ममध्ये कौतुकाचे पाच मुद्दे लिहिले. पाचवा खोडला, आणि पुन्हा लिहिला.

दोन दिवसांनी टपालाने खोकं आलं. पत्ता मार्केटाच्या अक्षरातला होता, हिल्काने रीत म्हणून वॉर्डाला पाठवलेल्या नाताळच्या कार्डावरून उतरवलेला. हिल्का खोकं टेबलावर ठेवून खुर्चीत बसली. आत बँडेजमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं, भोपळ्याएवढं. तिने टोक शोधलं आणि सोडवायला घेतलं. एक बँडेज संपलं. त्याच्या खाली दुसरं निघालं, अख्खं, कोरं, कुठेही न कापलेलं. मग तिसरं. प्रत्येक वेढा अर्ध्यावर अर्धा, घट्ट आणि सरळ, जखमी हाताला बांधावा तसा. मासा आणि तिसरा क्रमांक दिसेपर्यंत टेबलावर बँडेजचा ढीग झाला होता.

रेयोने कप उचलून कान तपासला, मग खोकं उलटं करून झटकलं. आत कागदाचा कपटाही नव्हता.

"काहीच लिहिलं नाही?" त्याने विचारलं.

"लिहिलंय की," हिल्का म्हणाली. तिने डोळे पुसले, पहिलं बँडेज मांडीवर सरळ केलं आणि टोकापासून गुंडाळायला घेतलं. अशी सात होती.