अकराव्या मिनिटाला

जर्मनीतल्या ओस्नाब्रुकच्या त्या शाळेत तिसरीच्या वर्गामागे दोन खुर्च्या होत्या. एकीवर विद्यापीठाच्या प्राध्यापिका ब्रांडहोर्स्ट, दुसरीवर मुस्लिम मंडळाचे होजा, म्हणजे धर्मगुरू, नेजाती. दोघांनी होकार दिला तरच नेस्लिहान इस्लाम शिकवणारी शिक्षिका होणार होती. एकाने जरी नकारार्थी मान हलवली, तरी पाच वर्षांचा अभ्यास लटकला.

पाठ होता नमाजाआधी हात-पाय धुण्याचा. मिनिटामिनिटाचा आराखडा तिने आधीच देऊन ठेवला होता. अकराव्या मिनिटाला गटकाम.

नेमका तेव्हाच इद्रिसने हात वर केला.

"बाई, माझे जर्मन ओपा, आईचे बाबा, गेल्या आठवड्यात वारले. ते हात-पाय असे धूत नव्हते. ते नरकात गेले का?"

मागे होजांचं पेन थांबलं. 'हो' म्हटलं तर हे पोर मोडणार, 'नाही' म्हटलं तर होजा विचारणार, तुला कोणी सांगितलं? नेस्लिहान खाली बसली, त्याच्या बाकाच्या उंचीला.

"ते अल्लाहलाच ठाऊक, राजा. मला नाही. ओपा कसे होते, ते सांगशील?"

"मला सायकल शिकवली. पडलो की हसायचे."

"माझा ओपापण हसतो!" कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळेच आपापल्या आजोबांबद्दल बोलू लागले. घंटा झाली तेव्हा फळा कोरा होता.

रिवाजाप्रमाणे पाठानंतर उमेदवारानेच आधी आपल्या चुका सांगायच्या.

"आराखडा मोडला, गटकाम राहिलं," नेस्लिहान म्हणाली. "पण त्या मुलाजवळ थांबले, ती चूक मी मोजणार नाही."

"पाठ झालाच नाही," ब्रांडहोर्स्टबाई म्हणाल्या. "पुन्हा घ्यावा लागेल."

होजा गुरगुरले. "उत्तर टाळलंस, पोरी."

"टाळलं नाही, होजा. जे माहीत नाही, ते सांगितलं नाही."

होजांनी मंडळाचा कागद पुढे ओढून सही केली. "'माहीत नाही' एवढं माझे निम्मे इमाम कबूल करत नाहीत. माझी परवानगी घे. बाईंना मात्र तूच समजाव."

ब्रांडहोर्स्टबाईंचा चेहरा हलला नाही. नेस्लिहानने डोळे पुसले आणि डायरी उघडली.

"बाई, पाठ पुन्हा कुठल्या तारखेला घेऊ?"