प्रोबर्टांची कात्री

मान खाली घालूनच बोलतोय. मी शोभेच्या रानसफरचंदाचं झाड. इंग्लंडातल्या हेरफर्डशायरमधल्या एका खेड्यात हेस्टरबाईंच्या कुंपणाशी उभा आहे.

नवरा गेला त्या हिवाळ्यात बाईंनी माझं कलम लावलं. आधाराला काठी बांधली, बुंध्यातून फुटणारे धुमारे न चुकता खुडले. मे महिन्यात मी असा गुलाबी डवरायचो की येणारे-जाणारे थांबायचे. चढून गेलो होतो मी, खोटं कशाला बोलू?

कुंपणापलीकडे शेजारच्या प्रोबर्टांची नासपती होती, त्यांच्या आजोबांनी लावलेली.

एका जूनमध्ये माझा शेंडा काळा पडून छडीच्या मुठीसारखा वाकला. करपा! कात्रीच्या पात्यावरूनही एका झाडाचा दुसऱ्याला लागणारा रोग. आठ दिवसांवर गावातल्या बागा पाहण्याचा दिवस होता. त्या दिवशी लोक चहा-केक खात घरोघरच्या बागांतून हिंडतात, तोंडावर फक्त कौतुक करतात आणि उणंदुणं घरी जाऊन काढतात. चारचौघांत नाक कापलं जाईल म्हणून बाई गप्प राहिल्या. प्रोबर्टांची कात्री मागून आणली, माझा शेंडा छाटला, पाती नुसती ॲप्रनला पुसली आणि कात्री परत दिली.

त्याच संध्याकाळी प्रोबर्टांनी नासपती छाटली. ऑगस्टपर्यंत ती करपली, ऑक्टोबरमध्ये पाडावी लागली. करवतीचा तो आवाज मी दिवसभर ऐकला.

बाई माझ्या फळांची जेली त्यांना देऊन आल्या. खरं काही बोलल्या नाहीत. पुढच्या मेमध्ये मी निर्लज्जासारखा पुन्हा फुललो, तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. त्यांनी कुंपणाशी हाक मारली.

"प्रोबर्ट, तुमची नासपती माझ्यामुळे गेली. याचा करपा मी तुमच्याच कात्रीनं कापला. आणा करवत, पाडा याला."

"माहीत आहे मला. पात्याला याची लाल साल चिकटली होती. दिसली ती नासपती छाटून झाल्यावर."

"मग हिवाळाभर माझी जेली गोड मानून का खाल्लीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहिली. गोड कसली, भारी आंबट होती हो!"

बाई रडल्या. प्रोबर्टांनी मला पाडलं नाही. माझ्या उरलेल्या रोगट फांद्या त्यांनी स्वतः कापल्या, दर कापाला पातं स्पिरिटनं पुसत.

तुमच्या झाडाला काही झालं तर शेजाऱ्याला आधी सांगा, एवढीच विनवणी. माझ्या पाकळ्या दर मेमध्ये कुंपण ओलांडून नासपतीच्या खोडक्यावर पडतात. पूर्वी वाटायचं, सगळ्यांनी माझ्याकडे बघावं. आता प्रोबर्ट खिडकीशी आले की वाटतं, माझा बहर आजच झडून जावा.