मुदीची वाटी

मी एक जुनी वाटी आहे, मित्रांनो. मला पोट आहे, पण भूक नाही. हे आधीच सांगते, कारण ज्या घरात मी राहते तिथली माणसे हे विसरली आणि त्यापायी एका मुलीचे फार हाल झाले.

माझा जन्म कारखान्यातला. स्टीलचा पत्रा साच्याखाली आला, वरून भार पडला आणि माझ्या अंगाला कायमचा खळगा पडला. पुढे नागपूरच्या इतवारीत, भांड्यांच्या एका दुकानात मी फळीवर बसून होते. सुलेखा नावाच्या रुंद खांद्यांच्या, हसऱ्या मुलीने मला उचलून हातात तोलले आणि म्हणाली, "हिच्यात मूद छान पडेल." तिच्या भावाचे, यतीनचे, लग्न ठरले होते. दुकानातल्या कारागिराने टिंबाटिंबांनी माझ्या काठाखाली अक्षरे कोरली : 'मंजुषावहिनीस, सुलेखाकडून'. ती टोचणी मला दुखली नाही. कुणाची तरी भेट होण्यात एक ऊब असते.

साड्यांच्या घडीत गुंडाळून मी अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला आले. यतीन आणि मंजुषा दोघेही संगणकाच्या नोकरीत. हिवाळ्यात मागच्या अंगणात बर्फ साचे, आणि स्वयंपाकघरात मी वाफाळत्या भाताने भरून ताटात पालथी पडे. मला अलगद उचलले की मागे गोल, गुबगुबीत मूद उरे. तिच्यावर वरण, वरणावर तूप, शेजारी लिंबाची फोड. त्यांची लेक स्वानंदी उंच खुर्चीतून टाळ्या वाजवी. बोटाने मुदीत विहीर करी, वरण आत ओतून घेई, आणि पोट भरले की मान वळवी. तेवढे पुरेसे असे. तिला कुणी आग्रह करत नसे, की अडवत नसे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सुवर्णकाळ होता, पण तेव्हा तो मला रोजचाच वाटे.

मुलगी मोठी झाली तशी आत्यावर गेली. तेच रुंद खांदे, तीच जड हाडे. शाळेच्या चमूत ती लांब पल्ल्याचे धावू लागली. संध्याकाळी घामेजून परत येई आणि आधी भाताचा कुकर उघडून पाही. तिचा धाकटा भाऊ वेद मात्र आईसारखा काटकुळा.

मग गणपतीच्या नाचाची तयारी सुरू झाली. मराठी मंडळाचे नाच सुनेत्राकाकू बसवत. शिवलेल्या नऊवाऱ्या पुण्याहून मागवायच्या, म्हणून त्या घरोघरी जाऊन मुलींची मापे घेत होत्या. स्वानंदीच्या कमरेभोवती टेप गुंडाळता गुंडाळता त्या हसून म्हणाल्या, "मंजुषा, हिला एका नऊवारीत कसं भागणार गं? जोडूनच आणू का दोन?" चहा घेत बसलेल्या बायका हसल्या. मंजुषाही हसली. स्वानंदी हात वर धरून तशीच उभी राहिली. टेप अजून सुटलेला नव्हता.

त्या संध्याकाळी मंजुषाने मला भरले, आणि सुरीचे पाते माझ्या काठावरून फिरवले. वरचा भात कुकरमध्ये परत पडला. काठाशी सपाट, तेवढाच भात स्वानंदीच्या ताटात आला. वर तूप नव्हते.

"वेदला तीन वेळा दिलास," स्वानंदी म्हणाली.

"तो वाढीचा आहे."

"मीपण आहे."

"तू आडवी वाढतेयस."

यतीन फोनमधून मान वर न करता म्हणाला, "काठावर दोन शितं राहिली बघ. ऑडिट होईल." वेद खो खो हसला.

त्या दिवसापासून मी मूद पाडायची वाटी राहिले नाही, माप झाले. आधी भाकरी गेली, मग केळे गेले, मग शेंगदाण्याची चटणी. मंजुषाने कुठूनतरी आलेला एक आहार साऱ्या घराला लावला : सर्वांना सारखेच, ज्याच्या त्याच्या हाडामांसाचा विचार न करता. वेद आणि यतीन बाहेर खाऊन येत. माप फक्त मुलीसाठी उरले. जेवण संपले की मंजुषा ठरलेले वाक्य म्हणे, "झालं. पोट भरलंच असेल आता." आणि सगळे उठून गेल्यावर ती स्वतः ओट्यापाशी उभ्याने कुकरच्या तळाची खरवड चमच्याने ओरबाडून खाई. घाईघाईने, दाराकडे पाहत. ते मीच पाहिले आहे.

गणपतीच्या दिवशी तिने मला पर्समध्ये घालून नेले. शाळेच्या सभागृहात महाप्रसादाची रांग लागली होती. मसालेभात, मटकीची उसळ, जिलेबी. स्वानंदीचा नंबर आला तेव्हा मंजुषाने मला काढून वाढणाऱ्या काकांपुढे धरले. "मनोहरकाका, हिला याच्यात मावेल एवढाच द्या."

काकांचा हात थबकला. "अहो, प्रसाद आहे हा. पोरीला जेवू द्या की."

"सपाट," मंजुषा म्हणाली.

मागे सुनेत्राकाकू होत्या. "याला म्हणतात शिस्त," त्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. नाचातल्या मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. एकीने हळूच विचारले, "शी ब्रॉट अ मेझरिंग कप?" स्वानंदीने माझ्यातला भात ताटात घेतला, ताट तसेच टेबलावर ठेवले आणि पाणी पिऊन घेतले. नाचात ती शेवटच्या रांगेत होती.

यानंतर मंजुषाला मला हातात घ्यावे लागले नाही. आता स्वानंदीच मला फडताळातून काढी. आधी सपाट, मग सपाटीच्या खाली, मग तळ झाकेल इतकेच. सुरी तीच वापरी. विचारले की म्हणे, "आय ॲम नॉट हंग्री." तिची बोटे मला धरत तेव्हा गार असत. तिची गालफडे दिसू लागली आणि घरी येणाऱ्यांच्या तोंडून कौतुक सुरू झाले. सुनेत्राकाकूंनी येऊन तिच्या हनुवटीला हात लावला आणि मंजुषाला विचारले, "काय जादू केलीस?" मंजुषाने ओट्यावरून मला उचलून दाखवले. माझ्या आयुष्यात माझे एवढे कौतुक कधी झाले नव्हते. बक्षीस मिळावे तशी मी हातोहाती फिरले.

मग एका सकाळी धावताना तिच्या पायाचे हाड तडकले. ती पडली नाही, तिला कुणी ढकलले नाही. उपाशी हाडाने पावलाचा भार सोसायचे नाकारले, एवढेच. डॉक्टरांनी पाळीविषयी विचारले तेव्हा मंजुषाला उत्तर ठाऊक नव्हते. पाळी कधीची थांबली होती. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितले की काही वर्ज्य करायचे नाही, वेळेवर जेवायचे, शरीर मागेल तेवढे. आणि हे शरीर आईचे नाही, हेही सांगितले. हे सगळे मी यतीनच्या तोंडून ऐकले. तो ओट्यापाशी उभा राहून सुलेखाशी फोनवर बोलत होता; तीही आता अमेरिकेतच, शॉमबर्गला राहत होती.

सुलेखा दुसऱ्या दिवशी गाडी चालवत आली. तिने ज्वारीच्या भाकरी थापल्या, मेथी परतली, ताक घुसळले, आणि मिटक्या मारत जेवली. पोट भरले तशी भाकरीचा अर्धा तुकडा शांतपणे बाजूला ठेवून ती उठली. स्वानंदी तिच्या रुंद मनगटांकडे पाहत बसली होती. खाल्ले मात्र दोन घास. सुलेखाने तिला आग्रह केला नाही. भांडी घासताना मी तिच्या हाती लागले. तिने काठाखालची अक्षरे अंगठ्याने पुसून वाचली आणि वहिनीकडे नुसते पाहिले. मंजुषा खोलीत निघून गेली.

रविवारी दुपारी सगळे टेबलाशी बसले. स्वानंदी डॉक्टरांनी तडकलेल्या हाडासाठी दिलेल्या जड बुटावर लंगडत उठली. तिने मला भाताने भरले, सुरी घेतली, पाते काठावरून सावकाश फिरवले आणि तो भात आईच्या ताटात उपडा केला. वर तूप नाही.

"आज तुझं मी वाढते."

मंजुषा जेवली. भात लवकर संपला. तिची बोटे रिकाम्या ताटात फिरत राहिली.

"झालं," स्वानंदी म्हणाली. आईचाच सूर, आईचेच शब्द. "पोट भरलंच असेल आता."

मंजुषाने मान खाली घातली. "नाही भरलं," ती म्हणाली. आणि मग, इतक्या हळू की मी टेबलावर होते म्हणून मला ऐकू आले, "अजून थोडा वाढ."

स्वानंदी सुरी धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती. मला वाटले, ती मला पुन्हा भरणार, पुन्हा सपाट करणार. पण तिने सुरी खाली ठेवली आणि भाताचे अख्खे पातेले आईपुढे सरकवले.

"तू घे. तुला किती हवाय ते मला कसं कळणार?"

मंजुषा रडत रडत घेऊ लागली. मग स्वानंदीनेही डावाने आपल्या ताटात भात घेतला, वरून तूप सोडले. किती घेतला, ते मला ठाऊक नाही. मी उपडी पडले होते.

आता मी फडताळात मागच्या बाजूला असते. कधीमधी माझ्यात दही लागते. तिचे हाड जुळले. पण मी समोर दिसले की तिची नजर अजून क्षणभर माझ्या काठावर अडते आणि मग दुसरीकडे वळते. मित्रांनो, मला घासताना जपले नाहीत तरी चालेल. मला चरे पडतील, पोचे येतील; मी सोसेन. माझ्यात वरण घाला, खीर घाला, ताक घाला, आवडीने खा. पण दुसऱ्याची भूक मोजायला मला हातात घेऊ नका. माझा खळगा एका साच्याने पाडला आणि माझ्यासारख्या हजारो वाट्यांना तोच पडला. तुमच्यापैकी कुणाचेही पोट साच्यातून निघालेले नाही.