मल्लव्वाच्या चुलीतली राख

अक्कलकोट रस्त्यावरच्या ओढ्याच्या चढाला त्या दुपारी जत्राच भरली होती. सोलापूरहून सुटलेली सर्व्हिस मोटार चढाच्या मध्यावर अडली होती. इंजिन नुसतं बोंबलत होतं, चाकं मात्र ढिम्म. उतारू हात जोडून रस्त्यावर उभे, शेजारच्या वाडीतली माणसंही धावत आलेली, आणि मोटारीपुढे अंगारेबुवा घुमत होते. मी शाळामास्तर. सासुरवाडीला निघालो होतो आणि आधीच तापलो होतो.

"मोटार हितंच का अडती? सपाटीवर का न्हाय अडत?" बुवा गरजले. "कारण हितं ती ऱ्हाती!"

त्यांचं बोट चढाकाठच्या खोपटाकडे होतं. दारात मल्लव्वा उभी होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. उतारूंना ताक-भाकरी विकून ती पोट भरायची. मोटार हल्ली तिच्या दारातच अडायची, एवढाच तिचा गुन्हा. आजवर बुवा अंगारा टाकून मोटार चालू करून देत. आज मात्र त्यांनी मूठ आवळून धरली.

"चेटकीण माजलीय! आदी खोपाट उपटा, मग अंगारा. न्हायतर मोटार ओढ्यात जाईल, समदे मराल!"

त्याच जागेवर बुवांना मठ बांधायचा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.  तरी चौघे जण कुडाला हात घालायला निघाले.

"लावा हात, बगते मी," मल्लव्वा दार अडवून म्हणाली. "नवरा हितंच मेला माजा. मी बी हितंच मरीन, पर हालायची न्हाय."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी मध्ये घुसलो.

"बुवा, एक सांगा. करणी मोटारीवर झालीय ना? मग अंगारा चाकांना का लावत नाही? दर वेळी ड्रायव्हरच्या पायाखालची फळी उचलून आतच का टाकता?"

"भूत तितं बसतंय, मास्तर. तुमच्या शाळंत शिकवत न्हाईत त्ये!"

"मग भेटूनच येतो त्याला."

ड्रायव्हर रामहरी नको नको म्हणत होता. त्याला इंजिन बंद करायला लावून मी फळी उचलली, आत हात घातला. चार बोटं तेलानं माखून बाहेर आली. मी सरळ खोपटाकडे गेलो.

"मल्लव्वा, तुझ्या चुलीतली राख दे."

"चेटकिणीची राख!" बुवा किंचाळले. "मोटार पेट घेईल, पळा!"

लोक खरंच पळाले. मल्लव्वानं सुपात राख आणली. रामहरीनं क्लचचा पेडल दाबून धरला, मी मूठभर राख आत टाकली आणि हँडल मारलं. मोटार गुरगुरली, हलली आणि भर्रदिशी चढ चढून गेली.

मोटार वर उभी करून रामहरी खोपटापाशी परत आला, पळालेले लोकही परतले. रामहरीनं मान खाली घातली. "क्लचचं चामडं झिजलंय, मास्तर. त्यावर त्याल गळतंय. सपाटीवर कसंबसं चालतंय, चढावर घसरतंय. राख त्याल पिती अन् पकड येती. मालक चामडं बदलीना. उतारू दुसऱ्या मोटारीला जातील म्हणून गप ऱ्हायलो."

"तुझ्या गप्प राहण्यापायी हिचं घर गेलं असतं," मी म्हणालो. मला त्याचा मनस्वी राग आला होता.

बुवा मात्र डगमगले नाहीत. "आमीच तिच्या राखंत शक्ती सोडली!"

"मग घे की काढून तुजी शक्ती," मल्लव्वानं सूप त्यांच्यापुढे आदळलं. "अन् मोटार चालवून दाव!"

बुवा सुपाला वळसा घालून ओढ्याकडे चालू लागले. पण लोकांचं काय सांगावं! कुडाला हात घालायला निघालेलाच एक जण तिच्या पाया पडायला वाकला. "आई, चिमूटभर राख द्या. लेकराला ताप हाय."

मल्लव्वानं पाय मागे घेतले. "घटकंमागं चेटकीण, आता आई? लेकराला डाक्टरकडं ने. राख हाय ही, तुज्या बी चुलीत हाय. अन् मी बाई हाय, नुसती बाई. एवढं ध्येनात ठेव अन् माज्या दारातून हल!"

तो हलला. खोपट जागच्या जागी राहिलं.

मंडळी, कुणी अंगारा दिला तर आपल्या चुलीतली राख टाकून पाहा. आणि कुणी एखाद्या बाईला चेटकीण म्हटलं, तर तिच्या कुडाला हात घालण्याआधी फळी उचला.