मधला माणूस

लमार्कस पिकेट आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात नऊ वर्षं बचावाच्या रांगेत मधोमध खेळला, अगदी चेंडूसमोर. त्याच्या डाव्या हाताला मी. मधल्या माणसाचं काम एकच. समोरचे दोन रेडे एकदम अंगावर घ्यायचे आणि तसूभरही मागे हटायचं नाही. ते दोघं त्याच्यात अडकले की मागून ट्रेंट कोवाल्स्की मोकळा धावत यायचा आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला आडवा करायचा. स्टेडियम कोवाल्स्कीच्या नावाने दणाणायचं. पिकेट तेव्हा कुणाच्या तरी ढुंगणाखालून स्वतःचा हात सोडवत असायचा.

सरावाला तो सगळ्यांच्या आधी यायचा. मोडलेली बोटं चिकटपट्टीने एकमेकांना बांधलेली. कुरकुर कधी ऐकली नाही.

त्या नोव्हेंबरात कोवाल्स्कीची टीव्हीवर मुलाखत झाली. मुलाखत घेणाऱ्या बाईने विचारलं, "तुमच्या पुढे जे उभे असतात, त्यांच्याबद्दल काय सांगाल?"

हा हसून म्हणाला, "ते आमचं फर्निचर. जड आहे, चांगलं आहे."

दुसऱ्या दिवशी पिकेटच्या कपाटावर कुणीतरी सोफ्याची जाहिरात चिकटवली. सगळे फिदीफिदी हसले. मीही हसलो. पिकेट सरळ कोवाल्स्कीसमोर जाऊन उभा राहिला.

"असं बोललास तू?"

"अरे, मस्करी होती. एवढं काय मनाला लावून घेतोस?"

"माझी आई बघत होती."

"मग खूश झाली असेल. टीव्हीवर तुझा विषय तरी निघाला."

या वेळी कुणी हसलं नाही. पिकेट परत येऊन बुटांचे बंद बांधायला लागला.

रविवारी सरोवरावरून बोचरा वारा सुटला होता, मैदानात चिखल. मध्यंतरापर्यंत आम्ही पुढे होतो. मग एका खेळीला माझ्या शेजारी नेहमी जो धडाका व्हायचा, तो झालाच नाही. पिकेट अंग चोरून बाजूला झाला होता. त्याने अडवायच्या दोघांतला एक मोकळा सुटला आणि सगळ्या वजनानिशी कोवाल्स्कीवर आदळला.

"पिकेट! झोपलास काय रे?" कोवाल्स्की चिखल थुंकत ओरडला.

"फर्निचर सरकतं कधी कधी."

पुढच्या खेळीला पुन्हा तेच. मी म्हणालो, "बास कर आता, हरू आपण." त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा कोवाल्स्की उठला नाही. खांदा निखळला होता. सामनाही आम्ही हरलो.

सोमवारी कोच डॉर्सेटनी सगळ्यांसमोर सामन्याचं रेकॉर्डिंग लावलं. ती खेळी त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवली.

"पाय घसरला का तुझा, पिकेट?"

म्हातारा कोच त्याला सुटायला वाट करून देत होता, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं.

"नाही, कोच. मीच बाजूला झालो."

"मग कपाट रिकामं कर."

तो निघाला तेव्हा कुणी हात मिळवला नाही. मीही नाही. मला तो आवडायचा, पण हा कधी माझ्यावर रागावला असता आणि माझ्या अंगावर कुणाला सोडलं असतं तर, एवढंच डोक्यात होतं. दारात कोवाल्स्की उभा होता, हात गळ्यात बांधलेला.

"नऊ वर्षं तुझ्या भरवशावर धावलो मी."

"हे टीव्हीवर सांगायचं होतंस," पिकेट म्हणाला आणि त्याला खांद्याने बाजूला सारून गेला. दुखऱ्याच खांद्याला.

नंतर त्याला कुणीच घेतलं नाही. ते रेकॉर्डिंग सगळ्या संघांनी पाहिलं होतं. तो मिसिसिपीला मेहुण्याच्या माशांच्या तळ्यांवर कामाला लागला. त्याच्या जागी आलेला पोरगा ताकदवान होता, पण दोघांच्या रेट्यात मागे सरकायचा. पुढच्या हंगामात कोवाल्स्की दर रविवारी मार खाऊ लागला.

एका दुपारी गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून त्याने माझ्यादेखत पिकेटला फोन लावला. बायकोने, अर्नेस्टीनने, उचलला. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"जेवतोय तो."

"जेवण झाल्यावर करेल का मला फोन?"

"नाही."

कोवाल्स्कीने फोन बाकावर आपटला. "माजलाय साला!"

"काय सांगणार होतास त्याला?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय?" तो म्हणाला आणि हेल्मेट उचलून लंगडत सरावाला गेला.